एक सैल पिन आणि पंच्याहत्तर दिवस

‘ऑडिओ गुणवत्तेशी संबंधित समस्या.’ हे चार शब्द मला माझ्या अल्बमबद्दल २०२४च्या पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत पाच वेळा ईमेलने आले. पाचही वेळा वर ‘प्रिय आर्टिस्ट’ आणि खाली माझ्या संयमाबद्दल आभार. संयम कसला, तिसऱ्या ईमेलला मी फोन गादीवर आपटला होता. (गादीवरच. फोनचे हप्ते चालू होते.)

माझं पोटापाण्याचं काम म्हणजे ऑर्केस्ट्रात कीबोर्ड. हळद, संगीत, गणपतीतले कार्यक्रम, दिवाळी पहाट. आषाढ लागला की लग्नं थांबतात आणि आम्हाला सुपाऱ्या नसतात. त्या रिकाम्या दिवसांत मिरजेच्या आमच्या जुन्या घरी बसून स्वतःची आठ गाणी रेकॉर्ड करायची, असं मी तीन वर्षं म्हणत होते. स्टुडिओ नको होता. दिवसभर चकचकीत ट्रॅकवर बोटं चालवणाऱ्या माणसाला घरी आल्यावर थोडी धूळ हवी असते.

म्हणून मशीनही तसंच घेतलं. एका निवृत्त साउंडवाल्या काकांच्या माळ्यावर टास्कॅमची पोर्टास्टुडिओ पडून होती. साध्या कॅसेटवर चार ट्रॅक, म्हणजे चार सुटे आवाज, घेणारं हे यंत्र पहिल्यांदा १९७९ साली आलं. माझं नंतरचं, नव्वदच्या दशकातलं. काकांनी नऊ हजार सांगितले आणि नऊ हजारच घेतले. आतल्या रबरी पट्ट्याचं डांबर झालं होतं. ते काडीने खरवडून काढायला एक अख्खी दुपार गेली आणि बोटं दोन दिवस काळी राहिली. नवीन पट्टा, हेड पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस, एवढ्यावर मशीन चालू झालं. मशीन ११० व्होल्टचं आहे, त्यामुळे मध्ये ट्रान्सफॉर्मर लागतो. तो मशीनला चिकटून ठेवू नका. मी ठेवला होता, तर प्रत्येक ट्रॅकवर भुंगा बसल्यासारखी घूंऽऽ. तीन फूट लांब सरकवला आणि भुंगा उडाला.

रेकॉर्डिंगबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, कारण तिथे काही अडलंच नाही. एकोणीस दिवसांत आठ गाणी. साधी कॅसेट दोन बाजूंनी वाजते; हे यंत्र चारही ट्रॅक एकाच दिशेला घेतं आणि फीत दुप्पट वेगाने ओढतं, त्यामुळे साठ मिनिटांच्या कॅसेटवर फक्त पंधरा मिनिटं मावतात. शिस्त आपोआप येते. पहिल्या ट्रॅकवर आवाज, दुसऱ्यावर गिटार, तिसऱ्यावर पेटी, चौथ्यावर तानपुरा. तानपुरा ॲपमधला नाही, घरातला. तंतुवाद्यं बनवणाऱ्या मिरजेत राहून ॲपचा तानपुरा लावला असता तर सतारमेकर गल्लीतून मान वर करून जाता आलं नसतं. खरखर कमी करणारं डीबीएक्सचं बटण मी मुद्दाम बंद ठेवलं. फितीची खरखर, पत्र्यावरचा पाऊस, मागच्या कारखान्यात भोपळ्यावर चालणारी कानस, मिरज जंक्शनवरून निघालेल्या गाडीचा भोंगा, सगळं त्यात आहे. दुसऱ्या गाण्यात कुकरची शिट्टीही आहे आणि ती सुरात आहे. अल्बमचं नाव ‘ओल’.

२३ ऑगस्टला अपलोड केलं. स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक वगैरेवर गाणं थेट टाकता येत नाही, मध्ये डिस्ट्रिब्युटर लागतो. मी वर्षाची फी भरून एक धरला. नाव सांगत नाही, कारण दुसऱ्यांकडे याहून बरं असतं याची मला काही खात्री नाही.

पहिल्यांदा कव्हर परत आलं. ३००० बाय ३००० पिक्सेलचा फोटो हवा, तो बरोबर होता. पण आमच्या भिंतीच्या फोटोत कोपऱ्यात बोअरवेलवाल्याने रंगवलेला मोबाइल नंबर होता. कव्हरवर फोन नंबर चालत नाही. त्यांचं बरोबर होतं. नंबरवर ओल चढवली, विषय संपला.

मग सुरू झालं ते ‘ऑडिओ गुणवत्तेशी संबंधित समस्या’. मी वाचलं आणि मला वाटलं, अर्थात! ह्यांना खरखर कळत नाही. मी एक लांबलचक उत्तर लिहिलं. लो-फाय म्हणजे मुद्दाम ओबडधोबड ठेवलेलं रेकॉर्डिंग काय असतं, लोक घरात बसून चार ट्रॅकवर कधीपासून रेकॉर्ड करताहेत, खरखर हा दोष नसून रचनेचा भाग कसा आहे, असे चार परिच्छेद. दोनदा वाचून काढलं आणि स्वतःवर खूश झाले. सहा दिवसांनी उत्तर आलं ते शब्दशः पहिलंच, फक्त तिकीट नंबर नवा.

इथे एक गोष्ट सांगते जी मला आधी कळायला हवी होती. दुरुस्ती करून पुन्हा पाठवलं की तुम्ही रांगेत परत शेवटी जाता. तलाठ्याच्या ऑफिसात एक झेरॉक्स राहिली म्हणून बाहेर जाऊन यावं आणि आपल्या जागी दुसराच माणूस उभा असावा, तसं. बहुतेक खेपांना आठ ते दहा दिवस. त्यामुळे ‘हे एवढं बदलून बघू’ असं करत बसू नका. मी नेमकं तेच केलं.

पहिल्या गाण्याआधी बावीस सेकंद नुसती फीत आणि पाऊस होता. तो माझा सगळ्यांत आवडता भाग. कापून चार सेकंदांवर आणला. रडले नाही, पण घरात कोणाशी बोललेही नाही. नामंजूर. मग वाटलं, कुकर असेल. शिट्टी खाली केली. नामंजूर. दर वेळी मी विचारत होते की आठांपैकी कोणतं गाणं? कितव्या सेकंदाला? एवढंच सांगा, मी बघते. याचं उत्तर कधीही आलं नाही. मदतीसाठी चॅटची खिडकी होती, त्यात एक बॉट. त्याला ‘कोणतं गाणं’ विचारलं की तो गाणं अपलोड कसं करायचं याचा व्हिडिओ दाखवायचा.

चौथ्या वेळेआधी मी ते केलं ज्याची मला अजून लाज वाटते. गणपतीतल्या कार्यक्रमांनी थकलेली होते, घटस्थापना तोंडावर आली होती. एका रात्री आठही गाणी नॉइज काढणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढली. खरखर गेली. तानपुऱ्याची जवारी, तो तारांचा झंकार, तीही गेली, आणि माझा आवाज विहिरीत पडलेल्या बाईसारखा यायला लागला. सकाळी चहा पिताना दोन मिनिटं ऐकलं आणि फाइली उडवल्या. खरखरीसकटचीच परत पाठवली, वर दोन ओळी लिहिल्या. इथे छापण्यासारख्या नाहीत.

सारखे मनात हिशोब चालायचे. रेकॉर्डिंगला एकोणीस दिवस आणि ते रेकॉर्डिंग आहे हे पटवायला दोन महिने? आई म्हणायची, “अगं, मग त्या कॅसेटीच वाट की लोकांना.” वाटल्याही असत्या, पण कॅसेट लावायला आज कोणाकडे काय आहे?

सुटका झाली ती दिवाळी पहाटेला. पहाटे साडेतीनला मैदानावर साउंड लागत होता. आमचे साउंडवाले अण्णा, यांच्याकडून मी अर्धं काम शिकले आहे, स्पीकर तपासायला रोज एकच जुनं गाणं लावतात. त्या दिवशी म्हणाले, “आण तुझं ते रेंगाळलेलं. मोठ्यावर ऐकू तरी.” मी चौथं लावलं, कारण आठांत सगळ्यांत स्वच्छ तेच होतं, खरखर जवळजवळ नाहीच. अण्णा सवयीने डावीकडच्या स्पीकरपाशी उभे राहिले, मग मैदान ओलांडून उजवीकडे गेले, कान लावला, वाकून वायर बघितली, परत आले.

“उजवीकडं काहीच नाही की गं.”

“स्पीकर बंद असेल.”

त्यांनी त्यांचं जुनं गाणं लावलं. दोन्हीकडे दणदणीत. परत माझं चौथं लावलं. उजवीकडे शुकशुकाट.

तर समस्या ही होती. खरखर नाही, कुकर नाही, पाऊस नाही. कॅसेटवरून लॅपटॉपमध्ये गाणी घेताना चौथं गाणं मी वेगळ्या दिवशी घेतलं होतं आणि त्या दिवशी आरसीए वायरची लाल, म्हणजे उजव्या बाजूची, पिन सैल होती. उजवा चॅनल पूर्ण कोरा. ते गाणं इतकं स्वच्छ का वाटत होतं? कारण अर्धं नव्हतंच. लॅपटॉपवर दोन पट्ट्या दिसतात, त्यातली खालची सरळ रेघ होती. पण ‘स्वच्छ’ म्हणून ते एकच गाणं मी पुन्हा उघडलं नव्हतं. आणि ऐकायचे कशावर? स्वयंपाकघरातला ब्लूटूथ स्पीकर, जो डावं-उजवं एकत्र करून वाजवतो, किंवा एका कानात इअरफोन, कारण दुसरा कान बेलकडे.

चूक माझीच, शंभर टक्के. पण ‘चौथं गाणं, उजवा चॅनल’ एवढं लिहायला कितीसा वेळ लागला असता? हे मला अजूनही कोणी सांगितलेलं नाही. म्हणून पहिली टीप, जी खरं तर वर यायला हवी होती: अपलोडच्या आधी प्रत्येक फाइल हेडफोनवर ऐका, मग हेडफोन उलटा घालून ऐका. आणि अण्णांसारखं कोणीतरी शोधा.

भाऊबीजेला मिरजेला गेले आणि नवीन वायरने चौथं गाणं पुन्हा घेतलं. उजवीकडे पेटी होती! दोन महिने मी ते गाणं पेटीशिवाय ऐकत होते आणि मला कधी काही कमी वाटलं नव्हतं. आता पेटी आल्यावर ती मधेमधे लुडबुडणाऱ्या पाहुण्यासारखी वाटायला लागली. चार ट्रॅक फितीवर सुटे असल्याचा हा फायदा. तिसरा फेडर, म्हणजे पेटीचा आवाज कमी-जास्त करणारी पट्टी, शून्यावर आणला, गिटार मधोमध ठेवली आणि तसंच घेतलं. पहिल्या गाण्याचे बावीस सेकंदही परत लावले, कुकर पूर्ववत. त्याच रात्री पाठवलं. ६ नोव्हेंबरला मंजूर. पंच्याहत्तर दिवस.

मंजुरी आल्या आल्या रिलीजची तारीख उद्याची टाकू नका. स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट करणाऱ्या संपादकांना गाणं सुचवायचं असेल तर रिलीजच्या निदान सात दिवस आधी सुचवा, असं ते सांगतात. मी शुक्रवार, १५ नोव्हेंबर धरला. त्यांनी माझं काही घेतलं नाही, तो भाग वेगळा.

रिलीजच्या दिवशी अर्धा अल्बम माझ्याच नावाच्या कुठल्यातरी पंजाबी रॅपरच्या पानावर गेला. चार दिवसांत सुटला, त्याबद्दल तक्रार नाही. त्याच्या ऐकणाऱ्यांनी मात्र चार दिवस मिरजेचा पाऊस ऐकला. नाव ठरवताना आधी सगळ्या ॲपवर शोधून बघा.

पैशाचं विचाराल तर, २०२४ पासून स्पॉटिफायवर गाणं मागच्या बारा महिन्यांत १००० वेळा वाजलं नसेल तर त्याचे पैसे मिळत नाहीत. माझी आठपैकी दोन गाणी ती रेघ ओलांडून गेली. त्यातलं एक चौथं.

सुटं सुटं आठवतंय ते लिहिते. आयएसआरसी म्हणजे प्रत्येक रेकॉर्डिंगचा बारा अक्षरी नंबर. डिस्ट्रिब्युटर देतो, पण तो वहीत उतरवून ठेवा. उद्या डिस्ट्रिब्युटर बदललात आणि नवा नंबर पडला तर गाणं किती वेळा वाजलं याचे जुने आकडे मागेच राहू शकतात. शब्द आणि चाल तुमची असेल तर आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व वेगळं घ्यावं लागतं, डिस्ट्रिब्युटर ते करत नाही. गाण्यांची नावं रोमनमध्ये लिहायची वेळ आली तर ‘ळ’चं काय करायचं ते आधी ठरवा आणि मग आठही गाण्यांत तेच ठेवा.

आणि कॅसेटचं काम पूर्ण झालं की तिच्या मागच्या कडेचा तो छोटा प्लास्टिकचा चौकोन तोडा, म्हणजे तिच्यावर पुन्हा रेकॉर्ड होत नाही. सहाव्या गाण्याच्या कॅसेटचा मी तोडला नव्हता. पाच वर्षांच्या भाच्याने लाल बटण दाबलं आणि तानपुऱ्याच्या ट्रॅकवर अकरा सेकंद ‘हॅलो, हॅलो, मावशी’ असं रेकॉर्ड झालं. ते काढलं नाही. पाच ईमेलांत त्याबद्दल एकदाही हरकत आली नाही.