तंटामुक्तीची वही घेऊन व्हर्जिनियाला

परदेशी विद्यापीठात काही महिने पाहुणा अभ्यासक म्हणून, म्हणजे व्हिजिटिंग स्कॉलर म्हणून जायचं तर प्रवेश अर्ज भरायचा, असं मला वाटायचं. खरं तर शोधावा लागतो तो एक प्राध्यापक, ज्याला आपल्या कामाबद्दल उत्सुकता वाटेल. बाकीचे कागद त्यानंतर.

मी राज्यशास्त्र शिकवते. १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेवर माझं काम चालू आहे. गावातले तंटे गावच्याच समितीने सामोपचाराने मिटवायचे, अशी ती मोहीम. आर. आर. पाटील तेव्हा राज्याचे गृहमंत्री होते. त्यांच्याच तासगाव तालुक्यातल्या काही गावांत बसून मी समित्यांच्या नोंदी वाचल्या.

पहिल्या पाच ईमेलना उत्तरच आलं नाही. आज ते वाचले की कारण कळतं. दोन पानं नुसते सिद्धांत, आणि गाव शेवटच्या ओळीत. सहाव्या वेळी मी एका नोंदीपासून सुरुवात केली. बांधाचा वाद, दोन भाऊ, तळाशी 'तंटा मिटला', खाली सरपंच आणि पोलीस पाटलांच्या सह्या. कोपऱ्यात बहिणीचा अंगठा, शाई पसरलेली. दीड वर्षाने त्याच गट नंबरचा तंटा त्याच वहीत पुन्हा आला होता. चौथ्या दिवशी उत्तर आलं, त्यात एकच प्रश्न : त्या बहिणीला बैठकीत कुणी काही विचारलं होतं का?

हा ईमेल मी अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाला पाठवला होता. संघर्ष निराकरणाचं तिथलं केंद्र १९८१ चं. २०२० पासून ते माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर आणि त्यांच्या पत्नी रोझलिन यांच्या नावाने ओळखलं जातं. तिथे शिकवलेले ऑस्ट्रेलियन मुत्सद्दी जॉन बर्टन सांगत, की वाटाघाटीने सुटतो तो वाद. पण ओळख, सुरक्षितता, मान यांसारख्या गरजा दुखावल्या तर संघर्ष होतो आणि तिथे तडजोड पुरत नाही. माझ्या वहीतला अंगठा नेमका याच फटीत अडकला होता.

व्हिडिओवर मुलाखत झाली, मग निमंत्रणपत्र आलं. पगार नाही; बसायला जागा, ग्रंथालय आणि सेमिनार. त्यामुळे खर्च कोण करणार याचा पुरावा लागतो. तो पाहूनच विद्यापीठ डीएस-२०१९ हा फॉर्म देतं आणि त्यावर जे-१, म्हणजे अशा अभ्यासकांसाठीचा व्हिसा मागता येतो. सेविस या अमेरिकी सरकारच्या नोंदणी यंत्रणेचे २२० डॉलर वेगळे. विमा किमान एक लाख डॉलरचा, शिवाय मृतदेह मायदेशी पाठवण्यासाठी २५ हजार डॉलरचं संरक्षण. ते कलम वाचताना आईला मोठ्याने सांगितलं नाही.

एक गोष्ट मात्र आधी नीट ठरवा. मुक्काम सहा महिन्यांच्या आत असेल तर 'शॉर्ट टर्म स्कॉलर' हा प्रकार घ्या. 'रिसर्च स्कॉलर' म्हणून जाऊन आलात, तर त्याच प्रकारात पुन्हा जायला २४ महिने थांबावं लागतं. शॉर्ट टर्मला ती अट नाही, पण मुदतही सहा महिन्यांपुढे वाढत नाही. मला चार महिने पुरे होते.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो घरच्याच कागदात. ना हरकत प्रमाणपत्राची फाईल एका टेबलावर सात आठवडे होती. दर सोमवारी मी जाऊन उभी राहायचे. रागावले नाही, निमंत्रणाची तारीख लाल शाईने लिहून वरती लावली. निमंत्रण यायच्या आधीच हा अर्ज टाकायला हवा होता.

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत व्हिसाची मुलाखत तीन मिनिटांची झाली. परत येऊन काय करणार, एवढंच विचारलं. शिकवणार आणि वह्या वाचणार, म्हणाले.

विद्यापीठाच्या आर्लिंग्टनमधल्या पहिल्या सेमिनारला मी त्या पानाचा फोटो पडद्यावर लावला. 'मिटला' या शब्दाला इंग्रजीत काय म्हणायचं, यावरच तासभर गेला. मिटला म्हणजे संपला, की नुसता झाकला? एका कोलंबियन विद्यार्थिनीने विचारलं, 'अंगठा धरून उमटवला होता, की तिने स्वतः?' मला ते माहीत नव्हतं. त्या रात्री मी गावच्या पोलीस पाटलांना फोन लावला.