पॉलिश म्हणजे नेमकं काय हो?

मुद्रितशोधनाचं काम करत मला अठरा वर्षं झाली. एकच शब्द चार अर्थांनी वापरलेला दिसला की हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. हॉलच्या संगमरवराच्या वेळी मात्र ‘पॉलिश’ हा शब्द मी डोळे मिटून मान्य केला आणि तिथेच फसले.

सुरुवात माझ्याच हातून झाली, हे आधीच कबूल करते. जड पाण्यामुळे शॉवरवर पांढरा थर बसतो ना, तो काढायचं औषध घेऊन मी बाथरूमकडे निघाले होते. बाटलीचं झाकण सैल होतं. हॉलच्या मधोमध वीतभर ओघळ सांडला. फोन वाजत होता, म्हणून आधी तो घेतला आणि मग फडकं आणलं. तोवर ओघळावर बारीक फेस आलेला. मला वाटलं, साबण असेल. पुसून बघते तर तेवढी जागा आंधळी झालेली. आजूबाजूच्या फरशीत ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दिसत होतं, तिथे मात्र काहीच नाही. मग मी तो डाग समजून दोन दिवस घासला.

गंमत अशी की शॉवरवरचा तो थर म्हणजे बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट आणि संगमरवरही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच. औषध आम्लाचं; थर खाण्यासाठीच बनवलेलं. समोर नळ आहे की फरशी, हे त्याला कुठून कळणार? तो फेस कार्बन डायऑक्साइडचा होता. म्हणजे माझ्यादेखत दगड विरघळत होता आणि मी फोनवर बोलत होते.

पहिल्या माणसाला बोलावलं तो म्हणाला, “पॉलिश करून देतो, अर्ध्या दिवसाचं काम.” संध्याकाळी हॉल आरशासारखा. नवऱ्याने तर चपला बाहेर काढायचा नवा नियमच जाहीर केला. पुढच्या काही महिन्यांत दारापासून सोफ्यापर्यंत एक पायवाट उमटली, मळकट पिवळी. स्कर्टिंगजवळ नख लावून बघितलं तर पातळ पारदर्शक पापुद्रा निघाला. दगडाला त्याने हातच लावला नव्हता, वरून लेप चढवला होता. तो खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. त्याच्या भाषेत त्यालाच पॉलिश म्हणतात.

दुसऱ्यांदा फोन केले तेव्हा मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, “पॉलिश म्हणजे नेमकं काय करणार?” दोघांनी “एकदम चमकेल” असं उत्तर दिलं. तिसरा म्हणाला, “ताई, बघितल्याशिवाय कसं सांगू?” त्याला बोलावलं.

तो मशीन न घेताच आला. खिशात बॅटरी आणि पाण्याची छोटी बाटली. गुडघ्यांवर बसून त्याने बॅटरी फरशीवर आडवी ठेवली आणि मला खाली बसायला सांगितलं. प्रकाश दगडाला घासून जाऊ लागला आणि मला सपाट वाटणाऱ्या फरशीवर शेकडो ओरखडे उभे राहिले. “उभं राहून फरशी दिसत नाही,” तो म्हणाला. ओरखडे कशाचे, तर चपलांबरोबर आलेल्या वाळूचे. खनिजांचा कठीणपणा मोजायच्या मोह्स मापावर संगमरवर 3 च्या आसपास येतो आणि वाळूतलं क्वार्ट्झ 7. म्हणजे झाडू न मारता ओलं पोतेरं फिरवणं हे जवळजवळ सँडपेपर फिरवण्यासारखंच.

मग त्याने माझ्या शब्दकोशात एक दुरुस्ती केली. मी सगळ्यालाच ‘डाग’ म्हणत होते. तो म्हणाला, डाग म्हणजे बाहेरचं काहीतरी दगडात मुरलेलं. ते ओढून बाहेर काढता येतं. तुमच्या औषधाने पडला तो चट्टा. तिथे काही आलेलं नाही, तिथला दगड गेलाय. आजूबाजूचा दगड त्या पातळीला उतरवून पुन्हा घोटला तरच तो दिसेनासा होईल. दोन दिवसांच्या माझ्या घासण्याचं सार्थक तिथेच झालं.

त्याच्या तोंडी ‘पॉलिश’ असं मोघम नव्हतंच. आधी जुना लेप उतरवायचा. मग हिऱ्याच्या पॅडने पाणी सोडत घासायचं. पॅडचा नंबर जितका मोठा, तितकी त्याची घासाई बारीक. आमच्याकडे 200 नंबरपासून सुरुवात, मग 400, 800, 1500, 3000. फरशा खालीवर असतील तर 50 पासून लागावं लागतं. प्रत्येक नंबरचं काम आधीच्या नंबरचे ओरखडे पुसायचं, त्यामुळे मधला एखादा गाळला तर वरून कितीही फिरवा, तिरक्या उजेडात ते दिसतातच. शेवटी पावडरने चमक. सीलर हे वेगळंच काम. तो दगडाच्या छिद्रांत शिरतो आणि पाणी, तेल मुरायला वेळ लावतो. “आणि आम्ल?” मी विचारलं. “त्याला नाही थांबवत.” हे पहिल्या माणसाने सांगितलं नव्हतं, अर्थात मी विचारलंही नव्हतं.

पाण्याच्या बाटलीचं कोडं स्वयंपाकघरात उलगडलं. ग्रॅनाइटच्या ओट्यावर त्याने चार थेंब टाकले आणि आम्ही दहा मिनिटं बोलत बसलो. थेंब पुसले तर खाली दगड जराही काळवंडला नव्हता. “याला सीलर नको. उगाच पैसे घालवू नका.” काम नाकारणारा माणूस म्हटल्यावर माझा निम्मा निर्णय तिथेच झाला. (एक जाता जाता: ओटा काळा आहे म्हणजे ग्रॅनाइटच, असं धरू नका. कडप्पा हा चुनखडक. आम्लापुढे त्याची गत संगमरवरासारखीच.)

उरलेला निम्मा दाराआडच्या एका फरशीने केला. तेवढ्यावर सगळा क्रम करून दाखवून तो गेला. म्हणाला, दोन दिवस बघा, मग कळवा.

प्रत्यक्ष काम तीन दिवस चाललं आणि त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ताकासारखा पांढरा गाळ, सॉकेटांना चिकटपट्टी, लाकडी पायांना प्लास्टिक. तो गाळ त्यांनी बादल्यांत भरून नेला. मोरीत सोडला असता तर पाइपात बसून घट्ट झाला असता.

सोफ्याच्या कोपऱ्यातला तेलाचा डाग मात्र मी जवळून पाहिला. पांढरी माती आणि सॉल्व्हंट कालवून त्याने थालीपिठाएवढ्या जाडीचा लेप डागाच्या बाहेरपर्यंत थापला, वर प्लास्टिक, कडांना टेप. दुसऱ्या दिवशी प्लास्टिक काढून लेप वाळू दिला. वाळताना सॉल्व्हंट वर येतं आणि विरघळलेलं तेल बरोबर आणतं. उचटलेला लेप उलटा करून त्याने माझ्या हातात दिला. मध्ये रुपयाएवढा पिवळट गोल. तीन वर्षं दगडात बसलेलं तेल आता मातीत होतं. तरी एका खेपेत पूर्ण गेलं नाही, दुसरा लेप लागला.

सिंकच्या कडेचा उडालेला टवकाही त्याने भरला. एपॉक्सीत रंग मिसळताना तो चार वेळा खिडकीशी गेला, कारण ट्यूबच्या उजेडात जमलेला रंग दिवसा परका दिसतो. भरताना थोडं जास्तच भरलं आणि सुकल्यावर ब्लेडने ओढून ओट्याच्या पातळीला आणलं. आता बोटाला लागत नाही. माहीत असलेल्याला दिसतं.

एक गोष्ट त्याने केली नाही. कुंडीच्या लोखंडी स्टँडखाली गंजाचा तांबूस ठसा आहे. गंज काढायची बरीच औषधं आम्लाची, ती गंजाआधी संगमरवर खातील. लेपाने निघेल याची खात्री नाही. “राहू द्या,” तो म्हणाला, “पण स्टँडखाली रबर लावा.” लावलं.

बिल त्याने हाताने लिहून दिलं. लेप काढणे, घासाई 200 ते 3000, चमक, सीलर, तेलाचा डाग दोन खेपा, टवका भरणे. सगळ्यात खाली, ‘गंजाचा डाग तसाच ठेवला आहे.’ आख्ख्या कागदावर ‘पॉलिश’ कुठेच नाही. ‘घासाई’ एकदा ऱ्हस्व इकाराने पडली होती. सवयीने दुरुस्त केली आणि मग पैसे दिले.