दुपारी १ ते ४

पुण्यातल्या ‘दुपारी १ ते ४ बंद’ या पाटीवर महाराष्ट्राने पोटभर विनोद करून घेतले. चितळ्यांनी २०१७मध्ये दुपारीही दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली, तर त्याची केवढी बातमी झाली! गोव्यातल्या आमच्या फोंड्यात अशी पाटी शोधावी लागते. एक वाजला की बाजार झोपतो हे शेंबड्या पोरालाही माहीत असताना पाटीवर रंग कोण खर्च करणार? फार्मसी, खाणावळी, एखादं सुपरमार्केट सोडलं तर साडेतीन-चारपर्यंत शटरं खाली. त्यावर कुणी विनोदही करत नाही, कारण विनोद करणाराही घरी जाऊन आडवाच झालेला असतो.

मध्यंतरी ऐन मे महिन्यात आमच्या पंख्याचा रेग्युलेटर गेला. दुकानात पोचले तेव्हा एकला पाच कमी होते. दुकानदार बाबने बाहेर टांगलेली वायरची वेटोळी आत नेली होती, गल्ल्याचा खण लावून घेतला होता आणि टोकाला आकडी असलेली लांब सळी घेऊन तो शटरखाली उभा होता. मला हवा तो रेग्युलेटर त्याच्या मागच्या फळीवर दिसत होता. “आता वस्तू काढली की पैसे घ्यायचे, पैसे घेतले की सुट्टे शोधायचे, तेवढ्यात आणखी कोणीतरी येणार,” त्याने अगदी शांतपणे समजावलं आणि वर म्हणाला, “पंखो खंय वता? मागीर यो गो बाय.” (पंखा कुठे जातोय? नंतर ये गं बाई.) राग आला, आणि घामाने निथळत घरी पोचेपर्यंत टिकलाही. पण खरं सांगायचं तर ‘आता नाही’ हे इतक्या निर्मळ मनाने म्हणणारा दुसरा माणूस माझ्या ओळखीत नाही. मला स्वतःला ते अजून जमलेलं नाही.

मी परराज्यातल्या एका कंपनीसाठी घरून काम करते. परवापरवापर्यंत गाव झोपलेलं असताना माझी दोन वाजताची मीटिंग असायची. सासूबाई बाजूच्या खोलीत पडलेल्या, त्यामुळे मी पुटपुटत बोलायचे आणि पलीकडून ‘जरा मोठ्याने’ असं चालू असायचं. मीटिंग संपते, पण काम संपत नाही. हुमणात सोलं घालता घालता डाव्या हाताच्या अंगठ्याने ‘ओके, बघते’ टाइप होतं. फ्रिजचं दार उघडून आपण काय काढायला आलो होतो, याचा विचार करत थंड हवा खात उभं राहणं, हा तर रोजचाच कार्यक्रम. शनिवारी रात्री नऊ तास झोपून उठलं तरी रविवारी सकाळी अंग म्हणतं, नऊ तास मला धरून काय उपयोग, डोक्याला सांग. आणि रविवारी संध्याकाळी, दिवेलागणीच्या वेळी, पोटात तो सोमवारचा गोळा येतो.

जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात या अवस्थेची ‘बर्नआउट’ या नावाने नोंद केली आहे. आजार म्हणून नव्हे, कामाशी निगडित अवस्था म्हणून. अंगातली ताकद सरणं, कामापासून मन उडणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून धड काही होत नाही असं वाटणं, अशी तिची तीन अंगं सांगितली आहेत. हीच संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी मिळून २०२१मध्ये काढलेला अंदाज जास्त घाबरवणारा आहे. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम केल्यामुळे झालेल्या पक्षाघाताने आणि हृदयविकाराने २०१६ या एका वर्षात जगात सुमारे ७ लाख ४५ हजार माणसं गेली. इकडे आपले बडे उद्योगपती आधी ७० तास म्हणाले, मग ९० तास. घरी बसून बायकोकडे किती वेळ टक लावून बघणार, असंही त्यातल्या एकाने विचारलं. गोव्यात याचं उत्तर सोपं आहे. दुपारी बायको झोपलेली असते, आणि बघायला जागं कोण असतं?

बाहेरच्यांना वाटतं, हा पोर्तुगीजांनी लावलेला आळस. पोर्तुगीज १९६१मध्ये गेले, दुपार मागे ठेवून गेले, वगैरे. सवयीत त्यांचा हात असेलही, पण आळस हा शब्द मला मान्य नाही. आमच्याकडे सायकलवर भोंगा वाजवत पाव घेऊन येणारा पोदेर बघा. पहाटे दारात पाव यायचा तर भट्टी रात्रीच पेटवावी लागते. संध्याकाळी त्याची दुसरी फेरी असतेच. मासळी विकणाऱ्या बायका उजाडायच्या आत जेटीवर असतात. अशा माणसाचा एक वाजेपर्यंत अख्खा दिवस भरलेला असतो. त्यात बाहेर ती हवा! एप्रिल-मेमध्ये दुपारी आमच्याकडे पाय उचलायलाही घाम येतो. त्यातून जेवणात उकड्या तांदळाचा भात. खरं तर भाताला उगाच बदनाम केलंय. दुपारची सुस्ती शरीराच्या घड्याळातच असते, जेवण चुकवलं तरी ती येते. नासाने लांब पल्ल्याच्या वैमानिकांना पाळीपाळीने विमानातच चाळीस मिनिटं पडायची मुभा देऊन बघितली. ते सरासरी २६ मिनिटं झोपले आणि नंतर जास्त सावध राहिले. तास-दीड तास ताणून दिली की मात्र उठल्यावर डोकं दगड होतं, हे सांगायला नासाची गरज नाही.

आयुर्वेदवाले भुवया उंचावतील. चरकाने ग्रीष्म सोडून दिवसा झोपणं वर्ज्यच सांगितलंय, कफ-पित्त वाढतं म्हणून. पण चरक माणसं ओळखून होता. लगेच पुढे त्याने सवलतीची यादी दिली आहे. गाऊन, अध्ययन करून, काम करून, ओझी वाहून, वाट चालून थकलेले, म्हातारे, लहान मुलं, अशक्त, रात्री जागलेले, या सगळ्यांना बाराही महिने दिवसा झोपायची परवानगी. सासूबाई यादीत दोन-तीन ठिकाणी बसतात. मी कुठे बसते ते बघत होते. मीटिंग ऐकणं अध्ययनात धरायचं की ओझं वाहण्यात?

पण मला त्या दुकानदार बाबचं कोडं वेगळंच वाटतं. त्याला ‘नाही’ म्हणायला धीर लागत नाही, कारण समोरचा हार्डवेअरवाला बंद असतो, शेजारचा कापडवाला बंद असतो. गिऱ्हाईक दुसरीकडे जाणार कुठे? एकट्यानेच शटर ओढलं असतं तर महिन्याभरात धंदा बसला असता. विश्रांती एकेकट्याने मिळवायची गोष्टच नाही, ती गावाने मिळून पाळायची असते. आपल्याला मात्र उलटं शिकवलं जातं. ध्यान करा, सकाळी पाचला उठा, नोटिफिकेशन बंद करा, म्हणजे थकवा ही तुमची वैयक्तिक जबाबदारी. मी नोटिफिकेशन बंद केली तर माझ्या जागी दुसरा कोणीतरी उत्तर देतो, आणि सगळ्यांना आठवतं ते त्याने उत्तर दिलं हेच.

मुंबईच्या गिरणी कामगारांना हे नीट कळलेलं होतं. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, वर्षानुवर्षं अर्ज-विनंत्या आणि सभा केल्या, तेव्हा कुठे १० जून १८९० रोजी रविवारची साप्ताहिक सुट्टी पदरात पडली. आज आपण रविवार पंचांगातून उतरल्यासारखा उपभोगतो. तो मागून, भांडून, सगळ्यांनी एकदम घेतलेला आहे. फ्रान्समध्ये २०१७पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्कात न राहण्याचा हक्क कायद्यात आला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८मध्ये लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं, त्याचा कायदा झाला नाही. गोव्यात तर २०२१मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, गोवा फॉरवर्डच्या विजय सरदेसाईंनी दुपारी दोन ते चार विश्रांतीचं आश्वासन देऊन टाकलं. बाहेरच्यांनी यथेच्छ टिंगल केली. मला ते कोणत्याही पक्षाकडून ऐकलेलं सगळ्यात गंभीर वाक्य वाटलं होतं.

अर्थात, आमची दुपार सगळ्यांची नाही, हेही सांगायला हवं. धाकटा दीर कळंगुटला हॉटेलात आहे. हंगामात तो दुपारी एकला नाश्त्याची शेवटची भांडी आवरून जेवणाच्या तयारीला लागतो. पाहुणे पूलच्या कडेला ‘काय निवांत आहे इथे’ म्हणत पहुडलेले असतात, त्या निवांतपणाची ट्रे भरून ने-आण तो करत असतो. बंगळूर-मुंबईचे लोक लॅपटॉप घेऊन शिवोली-आसगावला राहायला येतात, त्यांच्या दारात पार्सल पोचवणारा मुलगाही हेल्मेटखाली शिजत असतो. आणि घराघरात सगळे जेवून उठल्यावर ओटा पुसणाऱ्या बाईची झोप अडीचला सुरू होते, तीनला चहा टाकायची वेळ होते. बाजार झोपतो म्हणताना बाजारात पुरुष जास्त, ही बारीकशी गोष्ट सुटून जाते.

आमच्या टीममध्ये सध्या एक प्रयोग चालू आहे. एक ते अडीच कुणीही मीटिंग ठेवायची नाही, सगळ्यांसाठी सारखा नियम, साहेबांसकट. पहिले काही दिवस लोक बावरल्यासारखे झाले, एकाने तर त्या वेळात कपाटं आवरली. मी डाव्या कुशीवर पडले, आणि गाढ झोपले. मग हळूहळू अडीचच्या मीटिंगसाठी ‘आधी पाच मिनिटं बोलून घेऊ’ सुरू झालं, म्हणजे २.२५. गेल्या आठवड्यात ते २.१५वर आलं. आम्ही चौघांनी मिळून साहेबांना लिहून कळवलंय की अडीचच्या आत आमच्यापैकी कुणीही भेटणार नाही. उत्तर अजून आलेलं नाही. मीटिंगमध्ये असतील.