आमची वाटचाल : लग्नाच्या कॅसेटींपासून थेरेमिनपर्यंत

नागपूरच्या सीताबर्डीच्या गल्लीतलं आमचं दुकान व्हीएचएस कॅसेटींच्या जमान्यात लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग करायचं. पुढे कॅसेटी सीडीवर उतरवून द्यायचं काम आलं, मग पेनड्राइव्हवर. आता लग्नाची कामं जवळपास बंद केली आहेत. जुन्या टेप वाचवायच्या आणि आडवाटेनं गेलेले दिग्दर्शक व इलेक्ट्रॉनिक संगीताची पहिली पिढी यांच्यावर व्हिडिओ करायचे, हेच काम उरलं आहे.

विषयांना तोटा नाही. दिग्दर्शक कमल स्वरूप यांचा ‘ओम दर-ब-दर’ हा चित्रपट १९८८ चा, पण थिएटरात लागला २०१४ मध्ये. वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली टीआर-८०८ हे ड्रम मशीन, टीबी-३०३ हा खर्जाचा सिंथेसायझर (विजेवर सूर तयार करणारं वाद्य) आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. जगानं दखल घेतली ती २०१० साली रेकॉर्ड पुन्हा निघाल्यावर. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत मूग कंपनीचा सिंथेसायझर १९६९ सालीच बसला होता. यावर बोलायला कितीही लोक मिळतात. टेप धड उतरवणारा शोधावा लागतो.

नागपुरात टेपचा खरा वैरी कूलर. उन्हाळाभर खोलीत ओल राहते, वर पावसाळा येतो, आणि कपाटातल्या कॅसेटींना बुरशी धरते. कॅसेटच्या खिडकीतून रिळाच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती व्हीसीआरमध्ये घालूच नका. टेप वाचणारं हेड चोंदतं ते वेगळं, तीच बुरशी पुढच्या कॅसेटीलाही लागते. आम्ही खालचे पाच स्क्रू काढून कव्हर उघडतो, दोन्ही रिळं कोरड्या हवेत ठेवतो, मग तंतू न सुटणाऱ्या कापडातून टेप हलक्या हातानं फिरवून घेतो आणि रिळं दुसऱ्या स्वच्छ कव्हरमध्ये बसवतो. तोंडाला मास्क हवाच. हेड पुसताना आयसोप्रोपिल अल्कोहोलनं भिजवलेलं शॅमॉय (मऊ चामडं) हेड बसवलेल्या ड्रमला नुसतं टेकवून धरायचं आणि ड्रम हातानं फिरवायचा. वर-खाली घासलं की हेडचा टवका उडालाच.

टेप कॉम्प्युटरवर उतरवताना कॅप्चर ७२० बाय ५७६, पॅल (आपल्याकडची टीव्ही पद्धत), इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींचं चित्र), लॉसलेस (काहीही न गाळता). तासाला ३० जीबीच्या आसपास जागा जाते, ती जाऊ द्यावी. मध्ये टाइम बेस करेक्टर, म्हणजे सिग्नलची डळमळ सावरणारं यंत्र, नसेल तर चित्राचा वरचा भाग झेंड्यासारखा वाकतो आणि स्वस्त यूएसबी कार्ड फ्रेम गाळतं. तासाभरानं ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे. अमेरिकेहून आलेली कॅसेट एनटीएससी या तिकडच्या टीव्ही पद्धतीची असते. साधा पॅल व्हीसीआर ती टीव्हीवर दाखवतो, पण तो सिग्नल धड पॅलही नसतो आणि एनटीएससीही नसतो, त्यामुळे कार्ड गोंधळतं. खरा एनटीएससी सिग्नल बाहेर देणारं मल्टिसिस्टिम मशीनच लागतं.

संगीताच्या टेपमध्ये सगळ्यात जास्त घोटाळा वेगाचा. सेकंदाला २४ फ्रेमवर शूट झालेली फिल्म पॅल व्हिडिओवर सहसा २५ नं चालवली जाते. म्हणजे चार टक्के जलद, आणि सूरही चढलेला: पेटीवरची काळी एक जवळजवळ पांढरी दोनकडे सरकते. थेरेमिन या इलेक्ट्रॉनिक वाद्याच्या वादनात हे चालणार नाही. थेरेमिनवादक क्लारा रॉकमोर यांचं सगळं नाव सुराच्या नेमकेपणावर उभं आहे, आणि आपण त्यांचाच सूर चढवून दाखवायचा? उपाय सोपा आहे. चित्र २४ वर आणायचं आणि सेकंदाला ४८००० नमुन्यांचा आवाज ४६०८० नमुन्यांचा समजून वाचायचा. वेग आणि सूर दोन्ही एकदम जागेवर येतात. मात्र आधी मूळ रेकॉर्डिंगशी सूर ताडून पाहायचा, कारण काही कॉपींत सूर आधीच उतरवलेला असतो.

आवाज ‘साफ’ करण्याचा मोहही आवरावा. नॉइज रिडक्शनला सिंथेसायझरचा लांब स्थिर सूर आणि विजेची गुणगुण यातला फरक कळत नाही. गुणगुण घालवायला १०० हर्ट्झवर फिल्टरनं रुंद काप मारला की टीबी-३०३ चा खर्ज गेलाच. आम्ही अगदी अरुंद काप देतो, नाहीतर गुणगुण राहू देतो.

भयपटांतही असंच होतं. रामसे बंधूंच्या सिनेमांतल्या रात्रीचे काळे भाग उजळवले की हवेलीऐवजी नुसते दाणे दिसतात. काळोख काळाच ठेवावा.

हल्ली स्थानिक वादकांचं शूटिंगही करतो. थेरेमिनला हात न लावता वाजवतात, अँटेनाजवळचं शरीरच सर्किटचा भाग होतं. म्हणून कॅमेरामन आणि लोखंडी स्टँड किमान दोन मीटर लांब. सुरुवातीचा अर्धा तास वाद्य नुसतं चालू ठेवायचं, गरम होईपर्यंत सूर सरकतो. मागे जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही असेल तर कॅमेऱ्याचं शटर १/५० सेकंद, नाहीतर पडद्यावर काळा पट्टा फिरतो.

हक्कांचं काम मात्र टेपइतकंच वेळखाऊ आहे. आपल्याकडे चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं, पण त्यातल्या संगीताचा हिशेब वेगळा, संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांचा. एखादा चित्रपट अमेरिकेत हक्कमुक्त आहे म्हणून इथे चालेल असं धरून आम्ही काम घेत नाही. लेखी परवानगी आल्यावरच एडिटिंगला बसतो.