तुम्ही विचारलंत म्हणून: स्कूटी घेऊन देऊ की बसने पाठवू?

जून उजाडला की हा प्रश्न येतोच. कधी शेजारच्या वहिनी जिन्यात थांबवून विचारतात, कधी आमच्या इंदूरच्या महाराष्ट्र साहित्य सभेतला कार्यक्रम संपल्यावर चपला घालता घालता कुणीतरी विचारतं, तर कधी नाशिक-नगरकडून इंदूरला बदली होऊन आलेल्या एखाद्या बाबांचा फोन येतो. "ताई, मुलीला राऊकडच्या कॉलेजात प्रवेश मिळालाय. बसने पाठवू, की सरळ स्कूटी घेऊन देऊ?"

मला विचारतात, कारण इंदुरातलं टिळकनगर ते शहराबाहेर राऊच्याही पुढचं महू ही ये-जा मी २००४ पासून करते आहे. महूच्या एका शाळेत गणित शिकवते आणि तेव्हापासून बसनेच जाते. त्यामुळे या रस्त्याबद्दल मला ठाऊक असणार, असं लोक धरून चालतात. थोडंफार आहेही.

माझं उत्तर दर वर्षी एका प्रतिप्रश्नाने सुरू होतं. पण तो प्रश्न मी का विचारते, ते आधी सांगायला हवं.

माझं माहेर जळगावकडचं. आमच्याकडे संध्याकाळी उशिरा एक एसटी यायची, रात्री गावातच थांबायची आणि पहाटे तीच परत निघायची. मुक्कामाची गाडी. ड्रायव्हर-कंडक्टर देवळाच्या ओसरीवर झोपत. माझ्या दोघी मोठ्या बहिणी कॉलेजला गेल्या त्या या गाडीच्या भरवशावर. वडील म्हणायचे, "मुक्कामाची येते ना? मग जा." गाडी खडखडायची, पावसात खिडकीतून पाणी आत यायचं. पण ती यायची. मधल्या आळीतल्या काकूंच्या मुलीही मग जाऊ लागल्या.

लग्न होऊन इंदूरला आले, नोकरी लागली, आणि २००५ मध्ये मध्य प्रदेशाचं राज्य परिवहन महामंडळ बंद झालं. महाराष्ट्रातल्या वाचकाला याचा अर्थ चटकन कळणार नाही. तिकडे १ जून १९४८ ला पुणे-नगर पहिली गाडी सुटली, तेव्हापासून एसटी आहे ती आहेच. लोक तिला शिव्या देतात, पण ती नाहीशी होईल असं कुणाच्या मनात येत नाही. आमच्याकडे ती नाहीशी झाली. इंदूरचा सरवटे बस स्टँड राहिला, फलाट राहिले, पण सरकारी गाडी गेली. ज्यांच्या नावाचा हा स्टँड, ते तात्यासाहेब सरवटे आपल्यातलेच, संविधान सभेचे सदस्य. त्या नावाखाली उभं राहून महूच्या गाडीची वाट बघताना मला दर वेळी थोडं वाईट वाटतं.

त्यानंतर महूच्या रस्त्यावर मुख्यतः खाजगी गाड्याच धावल्या. त्यांच्याबद्दल नुसती तक्रार करणं बरोबर नाही, कारण इतकी वर्षं त्यांनीच मला शाळेत पोचवलं. पण त्या कशा चालतात, ते एकदा जवळून बघा. राजीव गांधी चौराहा, सकाळचे पावणेसात. गाडी उभी आहे, इंजिन चालू आहे. कंडक्टर दारात लटकून पत्र्यावर थाप मारतोय, "राऊ, महू, महू, महू, चलो!" ड्रायव्हर गियर टाकतो, गाडी दोन हात पुढे सरकते. रस्त्यापलीकडचा माणूस धावत येऊन चढतो. गाडी पुन्हा दोन हात मागे येते. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. आत बसलेल्यांना सगळं कळत असतं. नवीन सवारी मात्र दर वेळी धावते.

यात ड्रायव्हरचा दोष नाही. त्याची दिवसाची कमाई तिकिटांवर ठरते, मग रिकामी गाडी घेऊन तो वेळेवर का निघेल? मागून दुसरी गाडी आली की हीच गाडी अशी पळते की उभ्या असलेल्यांनी दांडा सोडू नये, कारण पुढच्या स्टॉपवरच्या सवाऱ्या आधी गाठायच्या असतात. भरेपर्यंत रेंगाळणं आणि मग शर्यत लावणं, दोन्हीचं मूळ एकच आहे.

एका वर्षी दहावीच्या बोर्डाच्या पेपरला मला पर्यवेक्षण होतं. घरून नेहमीपेक्षा अर्धा तास आधी निघाले होते. गाडी चौराह्यावर पंचवीस मिनिटं हलली नाही, नंतर राऊच्या पुढे एका हॉटेलसमोर पुन्हा उभी राहिली. मी पोचले तेव्हा प्रश्नपत्रिका वाटून झाल्या होत्या आणि माझ्या वर्गावर दुसऱ्या बाई उभ्या होत्या. मुख्याध्यापिका काही बोलल्या नाहीत. पण त्या दिवसापासून वर्गातल्या उशिरा येणाऱ्या मुलांना मी उभं करणं सोडलं. त्यातली निम्मी मुलं त्याच रस्त्याने येतात.

म्हणून २०१३ मध्ये आयबस सुरू झाली तेव्हा मला काय वाटलं, ते आज सांगितलं तर लोकांना अतिशयोक्ती वाटेल. निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा, एबी रोडवर साडेअकरा किलोमीटर, मधोमध बसची स्वतंत्र लेन. तिकीट स्टेशनातच काढायचं, फलाट आणि बसची पायरी एका पातळीवर. माझ्या सासूबाईंचे गुडघे तेव्हा फार दुखायचे. कुणाचा हात न धरता त्या बसमध्ये चढल्या, तो दिवस मला आठवतो. गीताभवनला उतरल्या आणि म्हणाल्या, "आता मी एकटी येत जाईन." आणि आल्या. पुढची चार वर्षं त्यांना कुणी पोचवायला लागलं नाही.

मला स्वतःला सगळ्यात मोठं सुख वाटलं ते घड्याळ न बघण्याचं. पलासियाला जाऊन उभं राहायचं, एक गेली तर पाठोपाठ दुसरी. गाडी भरण्याची वाट कुणी बघत नव्हतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. लेनच्या दोन्ही बाजूंना गाड्या तुंबायच्या, मधली लेन रिकामी दिसायची, लोकांचा राग वाढला. भोपाळची अशीच लेन २०२४ मध्ये काढायला घेतली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाने परवानगी दिल्यावर आमच्याकडेही रेलिंग काढायला सुरुवात झाली. राग खोटा नव्हता. सिग्नलला अडकलेल्या माणसाला शेजारचा मोकळा रस्ता टोचतोच. पण मी गणिताची शिक्षिका आहे, मला हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही. दर दोन मिनिटांनी एक बस, तिच्यात साठ माणसं, म्हणजे तासाला अठराशे माणसं एका लेनमधून गेली. हीच माणसं कारने निघाली तर बहुतेक कारमध्ये एक, फार तर दोन माणसं असतात. हजाराच्या वर कार लागतील. लेन रिकामी दिसायची याचं कारण तिच्यातून माणसं भराभर पुढे निघून जात होती. हे तेव्हा जोरात सांगायला हवं होतं. मीही सांगितलं नाही, याची खंत आहे.

मेट्रोबद्दलही विचारतात. ३१ मे २०२५ ला, अहिल्याबाईंच्या तीनशेव्या जयंतीला ती सुरू झाली, गांधीनगरहून सुपर कॉरिडॉरवर साधारण सहा किलोमीटर, पाच स्टेशनं. स्टेशनांना देवी अहिल्याबाई, राणी लक्ष्मीबाई, झलकारीबाई, दुर्गावती, अवंतीबाई यांची नावं आहेत. मला मनापासून आवडलं. मी आणि माझी मुलगी मुद्दाम बसून आलो. शहरात आतपर्यंत येईल तेव्हा तिचा उपयोगही होईल. पण महू, पीथमपूर, देवासकडून रोज येणाऱ्यांचं काम आज त्या सहा किलोमीटरांत होत नाही. अहिल्याबाईंच्याच नावाने महाराष्ट्रात एसटी खेड्यातल्या मुलींना शाळेचा मोफत पास देते. त्या पासवर किती मुली शिकल्या असतील, हे मनात येतं तेव्हा मला स्टेशनाच्या पाटीपेक्षा तो पास जास्त मोलाचा वाटतो.

तर आमच्या रस्त्याला काय हवं? एक्स्प्रेस बस. ती कशी, ते जरा नीट सांगते, कारण एक्स्प्रेस म्हटलं की लोकांना एसी, पडदे आणि काळ्या काचा दिसतात.

आज चौराहा ते महू गाडी कुणीही हात दाखवला की थांबते. पंचवीस वेळा थांबली आणि दर वेळी चाळीस सेकंद गेली, तर जवळजवळ सतरा मिनिटं नुसती थांबण्यात गेली. तीच गाडी ठरलेल्या सहा जागीच थांबली तर चार मिनिटं जातील. तेरा मिनिटं वाचली, आणि वेग जराही वाढवावा लागला नाही. मधल्या वस्त्यांसाठी सगळीकडे थांबणारी गाडी वेगळी हवीच. ती बंद करून एक्स्प्रेस आणली तर तो अन्याय होईल.

पण तेरा मिनिटांपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे दोन गाड्यांमधलं अंतर. मुलांना सरासरी शिकवताना मी हे उदाहरण देते. तासाला सहा गाड्या आहेत. दर दहा मिनिटांनी एक आली तर आपल्याला सरासरी पाच मिनिटं थांबावं लागतं. त्याच सहा गाड्या जोडीजोडीने आल्या तर वीस-वीस मिनिटांचा खंड पडतो आणि सरासरी थांबणं दहा मिनिटांवर जातं. गाड्या तेवढ्याच, डिझेल तेवढंच, थांबणं दुप्पट. शिवाय पुढची गाडी खचाखच आणि मागची रिकामी. पुढच्या गाडीला थोडा उशीर झाला की स्टॉपवर माणसं जास्त साचतात, त्यांना चढवण्यात तिला आणखी उशीर होतो, आणि मागची तिला गाठते. हे आपोआप सुटत नाही. कुणीतरी वेळापत्रक धरून बसावं लागतं.

आणि ते धरायचं तर पैसे कसे द्यायचे, ते आधी बदलावं लागेल. बसमालकाला तिकिटांवर नाही, तर वेळेवर चालवलेल्या किलोमीटरवर पैसे मिळाले, तर गाडी दोन हात पुढे-मागे करायचं कारणच उरत नाही. गाडी रिकामी असो की भरलेली, सहा दहाची सहा दहाला सुटेल. सरकारच्या देखरेखीखाली पुन्हा बस चालवायच्या सुगम परिवहन सेवेच्या योजनेला राज्याच्या मंत्रिमंडळाने २०२५ च्या एप्रिलमध्ये मंजुरी दिली, तेव्हा बातमी वाचताना माझी नजर हेच शोधत होती. गाड्यांचा रंग कोणता, यात मला रस नव्हता.

आता शेवटच्या गाडीबद्दल, कारण पोरीच्या बाबांनी विचारलंय ते खरं तर हेच.

राऊहून माझ्याबरोबर एक मुलगी यायची. सकाळी कॉलेज करून इंदुरात भंवरकुआँला स्पर्धा परीक्षेच्या क्लासला जायची. क्लास साडेसातला सुटायचा. शेवटचा अर्धा तास शंकासमाधानाचा, आणि ती नेमकी तेव्हाच उठायची. कारण साडेसातनंतर गाडी मिळेल की नाही हे कुणीच सांगू शकत नव्हतं. मिळायची कधीकधी, पण कधीकधीवर आई घरून पाठवत नाही. ती मला म्हणाली होती, "मॅम, मेरे सारे डाउट वहीं रह जाते हैं।" पुढच्या वर्षी तिने क्लास सोडला. वडिलांनी कर्ज काढून स्कूटी घेतली ती धाकट्या भावासाठी.

रात्री नऊच्या गाडीत दहा माणसं असतील, हे मला मान्य आहे. हिशेब करणारा म्हणेल, ही फेरी तोट्याची, बंद करा. पण ती बंद केली की संध्याकाळी सहाच्या गाडीतली माणसंही कमी होतात. ज्याला परत यायची खात्री नाही, तो सकाळी बसने निघतच नाही. मुक्कामाच्या गाडीत रात्री कितीजण असायचे? सात-आठ. पण पहाटे तीच गाडी गच्च भरून निघायची.

म्हणून मी काही वर्षांपासून एक छोटं काम करते. चौराह्यावर आणि महूच्या स्टँडवर पहिली गाडी किती वाजता, शेवटची किती वाजता, आणि मध्ये किती मिनिटांनी, एवढ्या तीन ओळींची पाटी लावा, असा अर्ज देते. अर्जावर माझ्या शाळेतल्या बायका, राऊहून धुण्या-भांड्याला येणाऱ्या दोघीतिघी आणि दवाखान्यातल्या सिस्टर सह्या करतात. धुण्या-भांड्याच्या बायकांचं म्हणणं सगळ्यात साधं असतं. उशीर झाला की एका घराचा खाडा पडतो आणि त्याचे पैसे कापले जातात. पाटी अजून लागलेली नाही. या जुलैत पुन्हा अर्ज देणार आहे.

तर बाबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. सकाळी बसने पाठवा, बिनधास्त पाठवा. सात ते नऊ या रस्त्यावर गाड्या भरपूर असतात आणि आम्ही आठ-दहाजणी रोजच्या आहोत. पहिले पंधरा दिवस तिला माझ्याबरोबर येऊ द्या, कुठे उभं राहायचं, कुठल्या गाडीला हात दाखवायचा नाही, हे मी दाखवेन. संध्याकाळी सहापर्यंत परतत असेल तर स्कूटीचे पैसे वाचवा. त्यानंतर असेल तर आज मी तुम्हाला बसचं वचन देऊ शकत नाही. तेव्हा आधी एवढंच सांगा, तिचं शेवटचं लेक्चर किती वाजता सुटतं?