बारा वाजेपर्यंतचा सूड

जेवणं झालेली, बाहेर रणरणतं ऊन, घरातले सगळे आडवे. अशा वेळी मी खुनाखुनीचे स्वस्तातले चित्रपट बघते. मध्येच डोळा लागला तरी काही बिघडत नाही. परवा 'स्लॉटर हाय' लावला. १९८६चा. केला इंग्लंडमध्ये, इंग्रज नटांना घेऊन, पण शाळा म्हणे अमेरिकेतली. त्यामुळे सगळे जीभ वळवून वळवून बोलतात आणि घाबरले की उच्चार थेट लंडनला परत.

मार्टी नावाचा हुशार, बावळट दिसणारा मुलगा. त्याचा वाढदिवस नेमका एक एप्रिलला. वर्गातली टोळी त्याची थट्टा करत जाते ती इतकी की शेवटी प्रयोगशाळेत आग लागते, नायट्रिक ॲसिड सांडतं आणि त्याचा चेहरा जातो. काही वर्षांनी टोळीला स्नेहमेळाव्याचं आमंत्रण येतं, त्याच आता ओसाड पडलेल्या शाळेत. पुढचं आपल्याला पाठ आहे.

टोळीतल्या मुख्य मुलीच्या कामात नटी कॅरोलिन मन्रो. १९७७च्या जेम्स बाँडपटात ती हेलिकॉप्टर घेऊन बाँडच्या मागे लागली होती, इथे पस्तिशीत शाळकरी झाली आहे. आपण हसायचं कारण नाही. चाळिशीतले नायक एक वही हातात धरून कॉलेजात जाताना बघतच आपण मोठे झालो. माझी गाडी अडते ती बाथटबपाशी. अंगावर रक्त उडालेली एक मुलगी त्या पडक्या शाळेत चक्क टबात बसून अंघोळ करते! नळातून ॲसिड येतं, ते मी एक वेळ मान्य करेन. पण शाळेत टब? आमच्या शाळेत मुतारीच्या दाराला कडी नव्हती.

खरी गंमत घड्याळाची आहे. उरलेल्यांना वाटतं, दुपारचे बारा वाजेपर्यंत तग धरला की सुटलो, कारण तेव्हा एप्रिल फूल संपतं. हा रिवाज पक्का इंग्लंडचा. तिथे बारानंतर थट्टा करणाराच मूर्ख ठरतो. उच्चार बदलले, गाव बदललं, घड्याळ तेवढं घरचंच राहिलं. आणि ज्याचा चेहरा गेला तो तरी हा नियम पाळेल, असा त्यांचा केवढा विश्वास!

आमच्याकडे असली मुदत नव्हती. एक एप्रिल वार्षिक परीक्षेच्या तोंडावर यायचा, तरी सकाळपासून पाठीवर चिठ्ठ्या चिकटायच्या, रस्त्यावर दोरा बांधलेलं नाणं पडायचं. रात्री जेवताना आजोबा शांतपणे म्हणायचे, "आमटीत पाल आहे वाटतं." आजी म्हणायची, "अहो, पानावर बसून अभद्र बोलू नका." आणि तरी दरवर्षी आमटीत डाव फिरवून बघायची. फसणारे ठरलेले असायचे. वर्गातही ठरलेलेच होते. त्यांना कधी बारा वाजल्याचं कुणी सांगितलं नाही.

चित्रपट संपल्यावर सवयीने नटांची नावं शोधत बसले. मार्टी झालेला सायमन स्कडमोर चित्रपट पडद्यावर यायच्या आधीच, १९८४मध्ये, गेला. अगदी तरुण होता. त्याचा हा एवढा एकच चित्रपट, आणि त्यातही तो बराच वेळ विदूषकाच्या मुखवट्याआड. शेवट बघताना मला डुलकी लागली होती, तो परत लावणार होते. नाही लावला.