लातिनाच्या मोर्चाला गेलो त्याची गोष्ट (रोमहून जाणाऱ्यांसाठी)

रोममध्ये शिकायला येऊन दोन वर्षं झाली पण लातिनाला कधी गेलो नव्हतो, लोकल ट्रेनने जेमतेम पाऊण तास. गेलो ते २२ जून २०२४ ला, शनिवारी. सतनाम सिंगची बातमी तुम्ही वाचली असेलच. पंजाबचा, ३१ वर्षांचा, लातिनाजवळच्या शेतावर मशीनमध्ये हात तुटला आणि मालकाने दवाखान्यात न्यायचं सोडून घराजवळ आणून टाकला, तुटलेला हात फळांच्या क्रेटमध्ये. दोन दिवसांनी, १९ तारखेला, रोमच्या हॉस्पिटलात वारला. झोप लागेना मला, म्हटलं जाऊ.

पहिली चूक मी केली ती तुम्ही करू नका. लातिनाचं स्टेशन लातिनात नाहीये! ते लातिना स्कालोला, गावापासून सात-आठ किलोमीटर, तिथून बस. आणि बसचं तिकीट ड्रायव्हरकडे मिळेल असं धरून चालू नका, आधीच तबाक्कीच्या (सिगारेट-तंबाखूच्या) दुकानातून येता-जाताची दोन घेऊन ठेवा, शनिवारी दुपारी दुकान बंद असलं की झालं, मी अर्धा तास उन्हात उभा होतो. ट्रेनचं कागदी तिकीट प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये घालून शिक्का मारायचा, ऑनलाइन काढलं असेल तर फोनवर चेक-इन करायचं, नाहीतर दंड.

सभा पियाझ्झा देल्ला लिबेर्ता नावाच्या चौकात, प्रेफेत्तुरासमोर. म्हणजे आपल्याकडे कलेक्टर कचेरीसमोर धरणं धरतात तसंच. बोलावलं होतं सीजीआयएल ह्या इटलीतल्या कामगार युनियनने, लाल झेंडेच झेंडे, आणि मधे मधे पगड्या. भाषणं सगळी इटालियनमध्ये, लांबलचक, मला निम्मी कळली. खरं ऐकायचं असेल तर कडेला सावलीत उभे असतात ना त्यांच्याजवळ जा, हिंदीत बोला, "कहाँ से हो" एवढं पुरतं.

एक काका भेटले, पन्नाशीचे, किवी आणि झुकिनीच्या शेतात काम करतात, सायकलने जातात. तासाला ४-५ युरो म्हणाले. मालकाला "पद्रोने" म्हणतात सगळे. मी विचारलं तक्रार का नाही करत, तर हसले. सीझनच्या व्हिसावर यायला एजंटला लाखो रुपये दिलेले असतात, इथे आल्यावर मालक काँट्रॅक्टच करत नाही, काँट्रॅक्ट नाही म्हणजे परमिट नाही, परमिट नाही म्हणजे पोलिसात जायचं तरी कसं. मधला माणूस असतो तो कापोराले. आम्ही पाथर्डीकडचे, मला समजावून सांगायची गरजच पडली नाही, आमच्याकडे ऊसतोडीला टोळी नेणारा मुकादम आणि त्याची उचल, तेच हे. फरक एवढाच की आमचा माणूस निदान पट्टा पडला (हंगाम संपला) की गावाला येतो.

कायदा नाही असं पण नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये ह्याच चौकात शिखांनी काम बंद ठेवून मोठा संप केला होता आणि त्याच वर्षी १९९ नंबरचा कायदा आला, मुकादमाबरोबर मालकालाही धरणारा. काकांनी तो संप पाहिलेला. "तब भी यहीं खड़े थे" म्हणाले आणि पाण्याची बाटली पुढे केली.

आता जाणाऱ्यांसाठी. फोटो काढताना मजुरांचे चेहरे घेऊ नका, विचारल्याशिवाय तर अजिबात नाही, निम्म्यांची कागदं लटकलेली असतात आणि पद्रोने पण फोन बघतोच. मी मागून पगड्यांचे काढले. स्वतःचा पासपोर्ट नाहीतर परमेस्सो (इथे राहण्याचं परमिट) जवळ ठेवा, पोलीस कडेला होते, मला कोणी काही विचारलं नाही पण असलेलं बरं. पाणी दोन लिटर, टोपी. चौकात सावली कमी आहे, मुसोलिनीच्या काळात दलदल उपसून वसवलेलं गाव, सगळं सरळ रेषेत आणि दगडी, तापतं भयंकर. दुपारचं खाऊन जा.

मंगळवारी, २५ ला, भारतीय मजुरांनी काम बंद ठेवून परत मोर्चा काढला, माझी परीक्षा होती, नाही जाता आलं.

परतीच्या बसची वेळ आधी बघून ठेवा, संध्याकाळी फार कमी असतात. मी चुकवली. दोन पंजाबी पोरांनी त्यांच्या जुन्या गाडीत घालून स्कालोला सोडलं, पेट्रोलचे पैसे घेईनात. त्यांना दुसऱ्या दिवशी पहाटे काम होतं. रविवारी.